रेषा हलतात, गिऱ्हाईक हलत नाही

‘तुमच्या मनाने करा’ असं गिऱ्हाईक म्हणालं की आमच्या धंद्यातला जाणता माणूस आधी आगाऊ रक्कम मागतो. माझ्या मनात काय आहे ते तुम्ही ओळखा, आणि ओळखेपर्यंत करत राहा, अशी ती ऑर्डर असते. पनवेलच्या लाईन आळीत माझं डीटीपीचं दुकान आहे. बारशाच्या आमंत्रणापासून दहाव्याच्या कार्डापर्यंत माणसाचा सगळा प्रवास इथे छापून मिळतो. मधल्या काळातले वाढदिवसाचे फ्लेक्स वेगळे. इतक्या वर्षांत या दुकानात माझ्या मनाने मी एकच गोष्ट करत आलोय: दुपारी जेवणानंतर शटर अर्धं खाली ओढणं.

तर एक चष्मेवाले आले. जुन्या पनवेलात त्यांचं वडिलांपासूनचं दुकान, आता नवीन पनवेलला दुसरं काढत होते. बोर्ड, पिशव्या, कार्डं, चष्म्याच्या डब्या, काचा पुसायचं ते मऊ फडकं, सगळ्यावर एकच डिझाइन हवं होतं. मुहूर्त दसऱ्याचा.

“डोळ्याचं चित्र नको,” ते म्हणाले. “फ्रेमचं नको. ती वरून खाली लहान होत जाणारी अक्षरं तर नकोतच, ती सगळ्यांचीच असतात. बघणारा थांबला पाहिजे.”

“म्हणजे नेमकं कसं?”

“ते तुमच्या मनाने करा.”

मी आगाऊ रक्कम मागितली. ते म्हणाले, “आधी डिझाइन तर दिसू द्या.” दोन्ही पक्ष अनुभवी असले की बोलणी इथेच संपतात.

डिझाइनला प्रेरणा लागते. ही प्रेरणा फार सोयीची चीज आहे. ती शोधत असताना माणूस कामातही असतो आणि कामातून सुटलेलाही असतो. घरी लवकर जायचं नसेल, वसुलीला निघायचं जिवावर आलं असेल, तर प्रेरणेइतकं भारदस्त कारण दुसरं नाही. आमचा ऑपरेटर पोरगा म्हणाला, “शेठ, गुगलवरनं उचलू की.” मी म्हटलं, नाही, यावेळी अभ्यास करायचा. त्याने माझ्याकडे इतक्या काळजीने बघितलं की मला खुर्ची घ्यावी लागली.

अभ्यासात हाती लागली ती ऑप आर्ट. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, चौकोन आणि वर्तुळं अशी मांडायची की कागद जागेवरून हलत नाही आणि चित्र मात्र फुगतं, थरथरतं, आत ओढून नेतं. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९६४ साली हे आटोपशीर नाव छापलं आणि ते चिकटलं. चित्र हलताना दिसतं त्यात आपल्याच डोळ्याचा मोठा हात असतो. टक लावून बघितलं तरी डोळा बारीक बारीक हलतच असतो. एरवी ते खपून जातं, अशा दाट रेषांपुढे उघडं पडतं, आणि बोल मात्र चित्राला लागतो. चष्म्याच्या दुकानाला याहून चपखल काय असणार? चष्मेवाल्यांचा सगळा धंदा डोळ्यावरच्या अविश्वासावर उभा आहे.

या कलेचे मूळपुरुष व्हिक्टर व्हाझारेली. हंगेरीतल्या पेच गावी १९०६ साली जन्म. वैद्यकीचं शिक्षण सोडून गृहस्थ चित्रांकडे वळले, १९३० साली पॅरिसला गेले आणि पोटापाण्यासाठी जाहिरातींची डिझाइनं करू लागले. हे वाचलं आणि मला भरून आलं. रात्री जेवताना बायकोला म्हटलं, “अगं, हा तर आपल्यातलाच निघाला! जाहिरातींची डिझाइनं करायचा.”

“उधारी वसूल व्हायची का त्याची?” तिने विचारलं.

हा तपशील कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कुठेही नोंदवलेला नाही. त्यांनी १९३७ सालच्या ‘झेब्रा’ या चित्राबद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत: जनावरांना बाह्यरेषा नाही, नुसते पट्टे वाकवलेत आणि त्या वाकण्यातून अंगं उभी राहिलीत वगैरे. पण बिल किती झालं आणि किती आलं, यावर सगळे गप्प.

व्हाझारेलींच्या चरित्रातला एक प्रसंग मात्र मी मनावर घेतला. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत दाँफेर-रोशरो नावाचं स्टेशन आहे. तिथे गाडीची वाट बघत उभं असताना भिंतीवरच्या फरश्यांना गेलेले बारीक तडे त्यांना दिसले, आणि पुढे त्या तड्यांमधून चित्रांची अख्खी मालिका झाली. आता गाडीची वाट बघण्यात पॅरिसने पनवेलला काय शिकवावं? हार्बर लाईनचं हे शेवटचं स्टेशन. इथे लोक पिढ्यानपिढ्या वाट बघतात आणि त्यातून काहीच निघत नाही, हा निव्वळ दुर्लक्षाचा परिणाम असणार. मी फलाट तिकीट काढलं आणि तडे शोधायला लागलो.

एरवी जिथे बघावं तिथे तडे. आपल्या इमारतींना तडा शोधावा लागत नाही, तो समोर येऊन भेटतो. पण हवा असला की एक मिळेल तर शपथ! भिंती कशा गुळगुळीत, फरश्या शाबूत. मी एका खांबाशी नाक लावून उभा होतो तेव्हा मागून आवाज आला.

“काय शोधताय?”

“तडे.”

“इंजिनियर आहात?”

“नाही, आर्टिस्ट.”

तो काळ्या कोटातला माणूस जरा मवाळ झाला. “तिकीट?”

मी फलाट तिकीट दिलं. त्याने ते उलटंसुलटं केलं आणि घड्याळाकडे बघितलं. फलाट तिकीट दोन तास चालतं. व्हाझारेलींना प्रेरणा यायला वर्षं लागली, हा मुद्दा मी त्याच्यासमोर मांडून पाहिला. “मग पास काढायचा,” तो म्हणाला, आणि मला पुलापर्यंत पोहोचवून गेला.

तडा शेवटी घरीच मिळाला, न्हाणीघरात, गीझरखाली. बटर पेपर लावून मी तो पेन्सिलीने उतरवून घेतला. बाहेरून आई दार ठोकत होती, “अरे, बरं आहे ना तुला?” कागद उजेडात धरला तर रायगड जिल्ह्याचा नकाशा, माणगावच्या बाजूला जरा सुटलेला. चष्म्याच्या दुकानाला तो काय कामाचा? तलाठी कार्यालयाचं काम मिळालं तर बघू म्हणून ठेवून दिला.

मग कळलं की ‘रेनॉ’ मोटारीचं १९७२ सालचं चिन्ह व्हाझारेली आणि त्यांचा मुलगा इव्हाराल यांनी मिळून केलं होतं. समांतर रेषांनी बनलेला तो उभा हिरा. कळंबोलीच्या सर्कलपाशी उभं राहिलं की देशातल्या सगळ्या गाड्या आपल्यासमोरून पुण्याला जातात, तेव्हा तिथे गेलो. ज्या काही दिसल्या त्यांच्या नाकावर गुळगुळीत चकचकीत हिरा; रेषांचा पत्ता नाही. १९७२ च्या गाड्या बघायच्या तर १९७२ सालीच उभं राहायला हवं होतं, आणि त्या साली इथून अँबॅसिडर आणि फियाट जायच्या. ट्रॅफिक हवालदाराने दोनदा माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा बघायच्या आत मी रिक्षात बसलो.

मला खरं पकडलं ते ब्रिजेट रायलीबाईंनी. लंडनच्या, १९३१ चा जन्म, आणि सुरुवातीला त्यांनीही जाहिरात कंपनीत नोकरी केलेली. (म्हणजे बघा, या कलेतली सगळी चांगली माणसं आमच्या धंद्यातून गेलेली आहेत. उलट दिशेने मात्र कोणी येत नाही.) त्यांचं १९६१ सालचं एक चित्र आहे, ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. उंची सगळ्यांची सारखी, रुंदी मात्र कमी कमी होत जाते, होता होता एका जागी नुसत्या चिरा उरतात आणि पुन्हा रुंद होऊ लागतात. एवढंच. पण त्या चिरांपाशी कागद घडी घातल्यागत खोल जातो. मी कोरलड्रॉ उघडून बसलो. चौकोन काढा, पुढचा जरा अरुंद करा, त्याच्या पुढचा आणखी अरुंद. करायला अगदी सोपं. शाळेतलं कुठलंही पोर करील, फक्त ते करायचं असं त्या पोराला सुचत नाही आणि मलाही सुचलं नव्हतं.

नमुना प्रिंट काढून घरी जेवणाच्या टेबलासमोर लावला. घरच्या माणसांवर प्रयोग करायला परवानगी लागत नाही. आईचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ती आमटीचा पहिला भुरका घेऊन थांबली.

“भिंत आत का गेली रे?”

“गेली नाही, तसं वाटतंय.”

“म्हणजे माझं ऑपरेशन वाया गेलं.”

“अगं, सगळ्यांनाच तसं दिसतंय.”

“मग सगळ्यांनाच दाखवून या डॉक्टरांना. एकदम गेलं तर कमी घेतील.”

धुण्याभांड्याच्या मावशींनी केरसुणी टेकवून बराच वेळ निरखलं. “दादा, भिंतीला पोक आलंय. मालकाला सांगा, आत्ताच सांगा, नाहीतर डिपॉझिटमधनं कापतील.” मुलाने मोबाईलवर फोटो काढला, मोबाईलच्या पडद्यावर त्या चौकोनांवर आणखी भलत्याच लाटा उमटल्या, आणि तो म्हणाला, “बाबा, तुमच्या चित्रापेक्षा हा फोटो भारी आलाय.” दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की असे पट्टे उमटतात, मोआरे म्हणतात त्याला, हे मी समजावून सांगेपर्यंत तो निघून गेला होता. आई मात्र म्हणाली, “मच्छरदाणी दुमडली की दिसतं तेच ना ते? मी लग्न झाल्यापासून बघतेय.” पुढच्या जेवणापासून ती भिंतीकडे पाठ करून बसायला लागली.

रायलीबाईंची एक हकीगत मी बायकोला सांगितली ती सांगायला नको होती, असं माझ्या ऑपरेटरचं मत आहे. १९६५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. रायलीबाई हौसेने गेल्या, तर दुकानांच्या काचांमागे त्यांच्याच चित्रांचे झगे टांगलेले. त्यांचं चित्र विकत घेतलेल्या एका कपडेवाल्याने तर त्या चित्रावरून कापडच छापून घेतलं होतं. बाई भयंकर संतापल्या. वकिलांना विचारलं, पण तेव्हाच्या तिथल्या कायद्यात त्यांना धरता येईल असं काही नव्हतं.

“बिचारी,” बायको म्हणाली. “आणि तुम्ही काय करताय?”

“मी प्रेरणा घेतोय.”

“तो झगेवाला काय घेत होता?”

“तिचे चौकोन काळे आहेत. मी गडद निळे करतोय.”

“अच्छा,” ती म्हणाली. लग्नाला पुरेशी वर्षं झाली की या एका शब्दात खटला चालतो आणि निकालही लागतो. खरं म्हणजे आमच्या धंद्यात रंग बदलला आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं की माल आपला, असा प्रघात आहे. पनवेलमधल्या अर्ध्या लग्नपत्रिकांवरचा गणपती त्याच न्यायाने डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होत असतो, आणि गुरुजींनी विचारलं की पळापळ होते.

आमच्या दुकानात एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर फुकटचा पेपर वाचायला येतात. त्यांनी हे सगळं दोन-चार सकाळी ऐकून घेतलं आणि शब्दकोडं सोडवता सोडवता म्हणाले, “पेचला जाशील, लंडनला जाशील. किहीम ठाऊक आहे का?”

“बीच आहे ना? वडे मिळतात.”

मास्तरांनी चष्मा काढला. नसरीन मोहम्मदी हे नाव मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. १९३७ साली कराचीत जन्म, वाढल्या मुंबईत, लंडनला कला शिकल्या, १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवलं. कागद, पेन्सिल, शाई आणि इंजिनियरची असतात तसली आखणीची अवजारं. रंग नाही, आकृती नाही. नुसत्या रेषा, काही इतक्या बारीक आणि जवळजवळ की कागद तिरका होऊन हवेत तरंगतोय असं वाटावं. शेवटच्या वर्षांत दुखण्यामुळे शरीरावरचा ताबा सुटत चालला होता आणि रेषा मात्र जराही हलत नव्हती. १९९० साली त्या किहीमलाच वारल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१६ साली ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत यांचं होतं.

“म्हणजे ऑप आर्टच की,” मी म्हटलं.

“नाही. त्या पाटीखाली त्यांना बसवू नकोस. ती मंडळी तुझा डोळा फिरवतात. या बाई डोळा शांत करतात.” मग जरा थांबून, “आणि नागावचे प्रभाकर बरवे. १९३६ चा जन्म. विणकर सेवा केंद्रात कापडाची डिझाइनं केली, आणि चित्रंही केली. ‘कोरा कॅनव्हास’ वाच त्यांचं. सगळे आपल्या जिल्ह्यातले.”

मला मास्तरांच्या बोलण्यातला एक तपशील फार लागला. नसरीनबाई आपल्या चित्रांना बहुतेक वेळा नावही देत नसत आणि तारीखही घालत नसत. आणि इथे आम्ही! सत्यनारायणाच्या कार्डावर ‘आपले नम्र’च्या खाली सतरा नावं, त्यातलं एक राहिलं तर वर्षभर अबोला, आणि तळाला चिमटीत मावेल एवढ्या अक्षरात माझ्या दुकानाचा मोबाईल नंबर. ‘कोरा कॅनव्हास’ वाचनालयातून आणून मी काउंटरवर ठेवलं. एका गिऱ्हाइकाने नाव वाचून विचारलं, “हे काय, अजून छापायचंय?”

किहीमला जायचं ठरलं. मी एकट्याने, चिंतनासाठी जायचं ठरवलं होतं. निघताना गाडीत आई, बायको, मुलगा, मेव्हणी, तिची दोन मुलं आणि थर्मास होता. पेणला आईला पापड घ्यायचे होते. वडखळला गाडी थांबली ती थांबलीच, तेव्हा मी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघून घेतलं. नसरीनबाई फोटोही काढत, आणि रस्ते, वाळू, समुद्र हे त्यांच्या फोटोंत येतं. किहीमला पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी मागे गेलेलं आणि ओल्या वाळूवर एकामागे एक, जवळजवळ समांतर, बोटभर उंचीच्या लाटा उमटलेल्या. प्रत्येकीच्या एका अंगाला पाण्याची रुपेरी रेघ आणि दुसऱ्या अंगाला सावली. मी उकिडवा बसलो. खरोखर काहीतरी सुचत होतं. तेवढ्यात मेव्हणीच्या धाकट्याने त्यावरून सायकल नेली.

“अहो, ते राहू द्या,” बायको लांबून ओरडली, “इकडे या, सुक्या बोंबलांचा भाव सांगतायत ते बघा!”

या सहलीचा खर्च मी दुकानाच्या वहीत ‘संशोधन’ या सदराखाली टाकला. आमचे हिशेबनीस सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी पेट्रोल मान्य केलं. पापडांपाशी चष्मा कपाळावर नेला. मग हलक्या आवाजात विचारलं, “सुरमई थाळी सात, हे कुठल्या प्रकारचं संशोधन?”

अखेर डिझाइन दाखवायचा दिवस आला. चष्मेवाले एकटे आले नाहीत. गिऱ्हाईक ऑर्डर द्यायला एकटं येतं, पसंतीला खानदान आणतं. सोबत त्यांच्या सौभाग्यवती, त्यांचे मेव्हणे आणि दुकानात नंबर काढणाऱ्या मॅडम. मी नमुना टेबलावर पसरला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मॅडम, माझा नंबर वाढला का हो?”

“नाही सर. ते तसंच आहे.”

वहिनी म्हणाल्या, “छान आहे. पण गणपती कुठे बसणार?”

“इथे मधे बसवता येईल वहिनी, या खोलगट जागेत.”

“खोलात? आमचा गणपती खोलात?”

मेव्हणे आतापर्यंत गप्प होते. मेव्हण्यांचं गप्प राहणं नेहमी महागात पडतं. ते म्हणाले, “बाकी सगळं ठीक. ते हलतंय ते तेवढं बंद करा.”

“पण त्यासाठीच तर! बघणारा थांबला पाहिजे म्हणाले होते.”

“डिझाइनच थांबायला तयार नाही, बघणारा कसा थांबेल?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि व्हाझारेलींकडेही नसावं. मग वाटाघाटी झाल्या. मधोमध चष्मेवाल्यांच्या वडिलांचा फोटो, कारण दुकान त्यांनी वाढवलं. वर गणपती, समतल जागेत. खाली फोन नंबर, लांबूनही चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा, म्हणजे धंद्याच्या मुळावरच. मेव्हण्यांनी पार्श्वभूमीला पिवळा सुचवला. माझे चौकोन आकसत आकसत खालच्या कोपऱ्यात एका चौकटीत जाऊन बसले. “तेवढ्यात तुमची हौस भागवा,” चष्मेवाले प्रेमाने म्हणाले. पिशव्यांवर निळा रंग परवडेना, कारण सिंगल कलर स्वस्त पडतो; म्हणून चौकोन पुन्हा काळे-पांढरे झाले. रायलीबाईंचं त्यांना परत गेलं.

बोर्डाचं फ्लेक्स छापायला बाहेर दिलं होतं. आणायला गेलो तर छापणारा दारातच भेटला, चेहऱ्यावर उपकाराचं तेज. “दादा, तुमची फाईल करप्ट आली होती. कोपऱ्यातले सगळे चौकोन वेडेवाकडे, कमीजास्त रुंदीचे. पोरं रात्री बसली आणि एकेक चौकोन सारखा करून दिला. चार्ज लावलेला नाही.” मी बघितलं. इतके एकसारखे चौकोन मी आयुष्यात पाहिलेले नाहीत. काहीही फुगत नव्हतं, काहीही खोल जात नव्हतं. मेव्हण्यांना हवं होतं तसं सगळं थांबलेलं होतं. मी त्याचे आभार मानले, कारण गेल्या महिन्याचं माझं देणं बाकी होतं.

दसऱ्याला मुहूर्त झाला. आपट्याची पानं, पेढे, सनई, सगळं यथासांग. दुपारी मी जरा आडवा झालो होतो तेव्हा चष्मेवाल्यांचा फोन आला. मागे बराच कालवा ऐकू येत होता.

“अहो, तुमचं ते चालत नाहीये.”

“काय चालत नाहीये?”

“ते कोपऱ्यातलं. लोक स्कॅन करून दमले. पेमेंट जातच नाही.”

मी धावत गेलो. फोन नंबराशेजारी चौकटीत काळे-पांढरे चौकोन. लोकांनी दुसरं काय समजायचं? एक गृहस्थ पिशवी हातभर लांब धरून मोबाईल तिच्यावर फिरवत होते. एक काकू काउंटरवरच्या डबीवर स्कॅन करत होत्या. आणि रस्त्याच्या पलीकडून एक तरुण, बोर्डाकडे मोबाईल रोखून, झूम करत करत मागे मागे चालला होता. उसाच्या रसवाल्याने धरला म्हणून वाचला. व्हाझारेलींची इच्छा होती की कला संग्रहालयात अडकू नये, सामान्य माणसापर्यंत जावी. ती पनवेलमध्ये अशी पुरी होत होती. सामान्य माणूस कलेसमोर थांबला होता, तिच्याकडे रोखून बघत होता आणि नेटवर्कला शिव्या देत होता.

“ते स्कॅन करायचं नाहीये,” मी चष्मेवाल्यांना समजावलं. “ते नुसतं बघायचं आहे.”

“नुसतं बघून पैसे कसे येणार?” त्यांनी विचारलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येक चौकटीवर बँकेने दिलेल्या खऱ्या क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवून घेतले. अगदी मापात बसले. वहिनींनी लांब उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, “हे त्यापेक्षा उठून दिसतंय.” मी नीट निरखलं. चौकोन लहान-मोठे, मधे मधे दाटी, मधे मधे मोकळी जागा. डोळा बारीक करून बघितलं तर जरा थरथरतही होतं. बँकेच्या मशिनला कुठल्याही अभ्यासाशिवाय जमलं होतं.

त्यानंतर मी काही संध्याकाळी मुद्दाम कापड बाजारातून चक्कर मारत होतो. कोणी आपलं डिझाइन चोरलंय का, हे बघायला. रायलीबाईंसारखं संतापायची माझी पूर्ण तयारी होती. दोन-तीन वाक्यंही योजून ठेवली होती. एका दुकानाच्या दारात काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कुर्ता टांगलेला दिसला आणि माझ्या छातीत धडधडलं. “हे डिझाइन तुम्हाला कुठून मिळालं?” मी करड्या आवाजात विचारलं.

“सुरतचा माल आहे, साहेब. पडून आहे कधीचा, कोणी घेत नाही. बघितलं की गरगरतं म्हणतात बायका.” मग आवाज खाली आणून, “तुम्हाला हवा तर अर्ध्या भावात लावतो.”

आगाऊ रक्कम मिळालीच नव्हती, त्यामुळे उरलेली कधी मिळेल या विचारात मी दुकानी बसलो होतो तेव्हा एक अनोळखी गृहस्थ आत आले. त्यांच्या हातात चष्मेवाल्यांची पिशवी होती, स्टिकर लावायची राहून गेलेली. त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि कोपऱ्यातल्या चौकोनांवर बोट टेकवलं.

“हे तुम्ही केलंत?”

माझी मान आपोआप ताठ झाली. मास्तरांनी पेपर खाली घेतला. ऑपरेटर पोराने माऊस सोडला. “हो,” मी म्हटलं, “मीच.”

“आमचं हॉटेल निघतंय पळस्पे फाट्याला,” ते म्हणाले. “अगदी असंच पाहिजे. फक्त आमचं चालणारं द्या.”